'पत्ता चुकीचा' एवढे उत्तर पुरेसे नाही

नकार देणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे, हे लोकशाही प्रशासनाचे एक साधे पण महत्त्वाचे तत्त्व आहे. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमी कायदा करून ते कागदावर आणले. ठरावीक मुदतीत सेवा द्यावी आणि अर्ज फेटाळायचा झाल्यास त्याचे कारण लेखी नोंदवून अर्जदाराला कळवावे, अशी त्या कायद्यातील तरतूद आहे. गोव्यात २०१३ साली आणि महाराष्ट्रात २०१५ साली अशाच स्वरूपाचे कायदे झाले. कचेरीच्या खिडकीवरून 'होणार नाही' एवढेच ऐकून परतण्याची सक्ती नागरिकावर राहू नये, हा या सर्व कायद्यांमागचा विचार होय.

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, नागपूरला लागून असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक तालुक्यांत या तत्त्वाचे मोल अधिकच जाणवते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, बाजारात मराठी आणि शासनाच्या कागदावर हिंदी, अशी या भागाची तेव्हापासूनची स्थिती आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचे कार्यालय जवळ आले. नोंदी मात्र कोणत्याच जिल्हा कार्यालयाच्या कपाटात उरलेल्या नाहीत. संत्र्याच्या बागेचा खसरा असो, उत्पन्नाचा दाखला असो की जातीचा दाखला, त्याची नोंद आज दूरच्या माहिती केंद्रातील संगणकावर असते. ते संगणक अडले की खिडकीवरून एकच उत्तर मिळते, 'सर्व्हर डाऊन आहे.' गोव्यात एक-चौदाचा उतारा काढावयास गेलेल्यालाही हे उत्तर अपरिचित नाही.

या उत्तराला कोणताही कायदा कारण विचारू शकत नाही. पुष्कळदा ते कारण तेथील कर्मचाऱ्याला ठाऊक नसते, आणि काही वेळा तर खुद्द संगणकालाही ते सांगता येत नसे. त्या शेवटच्या अडचणीचा एक भाग गेल्या काही वर्षांत जगभरच्या अभियंत्यांनी दूर केला आहे. बदल लहान आहे, तांत्रिक आहे आणि बातमीत येण्यासारखा मुळीच नाही. आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रणालीने, आतील यंत्राला स्मृतीतील एखादी जागा गाठता आली नाही, तर ती जागा कोणती हे सांगावे, एवढाच तो बदल आहे. तो नीट समजून घेतल्यास 'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांच्या मागे काय काय दडलेले असते, याची कल्पना येते.

एका यंत्रात अनेक यंत्रे

माहिती केंद्रातील एक शक्तिशाली संगणक एका वेळी एकच काम करत बसला, तर त्याची बरीच शक्ती वाया जाते. म्हणून एका प्रत्यक्ष संगणकात अनेक काल्पनिक संगणक उभे केले जातात. त्यांना आभासी यंत्रे, अर्थात व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येक आभासी यंत्राला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती आणि स्वतःची डिस्क आहे असे वाटते. प्रत्यक्षात ही सारी सामग्री एकाच यजमान संगणकाची असते आणि आतील यंत्रे त्याचे पाहुणे असतात. तंत्रज्ञही याच अर्थाचे शब्द वापरतात. बाहेरचा तो 'होस्ट' आणि आतला तो 'गेस्ट'.

ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम-३७० ही प्रणाली बाजारात आणून मोठ्या संगणकांवर ती रूढ केली होती. साध्या प्रोसेसरांवर ती कार्यक्षमतेने चालवणे मात्र २००५ आणि २००६ या वर्षांत इंटेल आणि एएमडी यांनी आपल्या प्रोसेसरांत तशी खास सोय केल्यावर सुलभ झाले. २००६ साली क्युम्रानेट या इस्रायली कंपनीतील अवी किविटी यांनी या सोयीचा उपयोग करणारी 'केव्हीएम' ही प्रणाली जाहीर केली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ती लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाली. पुढे २००८ साली रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली. आज जगातील मेघसेवांचा फार मोठा भाग केव्हीएमवर उभा आहे. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०१४ साली 'मेघराज' ही सरकारी मेघसेवा सुरू केली आणि शासकीय संकेतस्थळे स्वतंत्र संगणकांऐवजी आभासी यंत्रांवर ठेवण्याची रीत रुळत गेली.

केव्हीएम एकटी काम करत नाही. ती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये राहते आणि पाहुण्या यंत्राला प्रोसेसरवर प्रत्यक्ष चालवते. त्या यंत्राची उस्तवार पाहणारा, त्याला डिस्क आणि नेटवर्क पुरवणारा आणि त्याच्यासाठी स्मृती मागून घेणारा दुसरा एक कार्यक्रम बाहेर असतो. 'क्यूएमू' हा त्यांतील सर्वांत परिचित. या कार्यक्रमाला येथे व्यवस्थापक म्हणू. व्यवस्थापक केव्हीएमला सांगतो, 'चालव.' केव्हीएम पाहुण्याला चालवते आणि काही अडले की थांबून व्यवस्थापकाकडे परत येते. परत येताना ती काय सांगते, हाच या लेखाचा विषय आहे.

वावराचे नाव आणि खसऱ्याचा क्रमांक

स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या घरांची लांबच लांब रांग. सोयीसाठी ती ४,०९६ बाइटांच्या पानांत विभागलेली असते. एखाद्या आभासी यंत्राला केवळ ४ जीबी स्मृती दिली, तरी तिची १० लाख ४८ हजार ५७६ पाने होतात.

पाहुण्या यंत्राला आपली स्मृती शून्यापासून सुरू होते असे वाटते. यजमानाच्या दृष्टीने मात्र ती पाने भलतीकडेच, विखुरलेली असतात. सौंसरकडचा शेतकरी घरात बोलताना 'विहिरीचे वावर' किंवा 'नाल्यापलीकडचे वावर' असे म्हणतो. त्याच्या घरात त्या नावाने कोणाचाही गोंधळ होत नाही. पटवाऱ्याच्या दप्तरी मात्र त्या वावराला खसरा क्रमांक असतो, आणि विहिरीचे वावर म्हणजे अमुक खसरा, हे जुळवणारा दुवा कोणाच्या तरी हाती असावा लागतो. पाहुण्याचा पत्ता आणि यजमानाचा पत्ता यांचे नाते नेमके असेच आहे. पाहुणा आपल्या घरगुती पत्त्याने जागा मागतो आणि प्रोसेसर एका तक्त्यात पाहून ती खऱ्या जागेशी जुळवतो. हा तक्ता केव्हीएम भरते आणि राखते.

हा तक्ता सुरुवातीपासून पूर्ण भरलेला नसतो. पाहुण्याने प्रथमच एखादे पान मागितले की तक्त्यात नोंद सापडत नाही. प्रोसेसर तत्काळ पाहुण्याला थांबवतो आणि सूत्रे केव्हीएमच्या हाती देतो. यापुढे तीन गोष्टी संभवतात.

पहिली म्हणजे, ते पान खरोखरच पाहुण्याला दिलेल्या स्मृतीत आहे आणि यजमानाकडून ते मिळते. मग केव्हीएम तक्त्यात नोंद करते आणि पाहुणा पुढे चालू लागतो. त्याला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. दुसरी म्हणजे, तो पत्ता स्मृतीचा नसून नेटवर्क कार्डासारख्या एखाद्या उपकरणाचा आहे. मग केव्हीएम व्यवस्थापकाला तसे स्पष्ट कळवते आणि व्यवस्थापक त्या उपकरणाची नक्कल करतो. या दोन्ही वाटा नित्याच्या आहेत.

तिसरी वाट अडचणीची आहे. पत्ता पाहुण्याच्या स्मृतीतलाच आहे, व्यवस्थापकाने ती स्मृती देण्याचे कबूलही केले आहे, पण प्रत्यक्षात यजमानाकडे गेल्यावर ते पान मिळतच नाही. दप्तरात वावर आहे, क्रमांक आहे, पण जागेवर गेले तर तेथे जमीनच नाही. व्यवस्थापकाने चुकून तो भाग काढून टाकलेला असू शकतो. पान केवळ वाचण्यासाठी मोकळे असता पाहुण्याने त्यावर लिहू पाहिलेले असू शकते. मोठ्या पानांचा राखीव साठा संपलेला असू शकतो. कारण कोणतेही असो, केव्हीएमला पुढे जाता येत नाही.

चौदा क्रमांकाची चूक

अशा वेळी केव्हीएम काय करत असे? ती व्यवस्थापकाकडे परतून त्रुटीचा एक क्रमांक हाती ठेवत असे. तो क्रमांक १४. लिनक्समध्ये त्याचे नाव 'ईफॉल्ट' आणि त्याचा अर्थ 'बॅड ॲड्रेस', म्हणजे 'पत्ता चुकीचा'. कोणता पत्ता, किती लांबीचा भाग, वाचताना अडले की लिहिताना, यांतील काहीही त्यासोबत येत नसे.

टपाल खात्याचा पोस्टमनही पत्र परत आणतो, पण पाकिटावर शेरा मारतो. 'पत्ता अपूर्ण', 'स्थलांतर केले', 'घेण्यास नकार' या शेऱ्यांवरून पाठवणाऱ्याला पुढे काय करायचे ते ठरवता येते. पत्ता अपूर्ण असेल तर तो पुरा करील, स्थलांतर झाले असेल तर नवा पत्ता शोधील. केव्हीएमचे वागणे मात्र असे होते, की पाकीट परत न करता पोस्टमनने दारात उभे राहून केवळ 'एक पत्र पोचले नाही' असे म्हणावे. दहा लाखांहून अधिक पानांपैकी नेमके कोणते अडले हे न कळल्यामुळे व्यवस्थापकाच्या हाती उपाय राहत नसे. क्यूएमू तर 'केव्हीएम चालवता आली नाही, पत्ता चुकीचा' अशा आशयाची ओळ लिहून प्रोसेसरची तात्कालिक स्थिती छापत असे आणि पाहुणे यंत्र तेथेच थांबत असे. त्या यंत्रावर एखाद्या तालुक्याची नोंदवही असेल तर तिचेही काम थांबणार, हे उघड आहे.

केव्हीएमच्या प्रारंभीच्या काळात याची फारशी खंत नव्हती, कारण असा प्रसंग म्हणजे व्यवस्थापकाच्या रचनेतील दोष असेच मानले जाई. दोष असेल तर यंत्र बंद पडणे स्वाभाविक आणि दोष शोधणे हे अभियंत्याचे काम. परंतु पुढे दोन गरजा अशा उभ्या राहिल्या, की पान न मिळणे हा दोष न राहता नित्यव्यवहाराचा भाग झाला.

यजमानालाही न दिसणारी पाने

पहिली गरज गोपनीयतेची. आभासी यंत्रातील माहिती यजमान संगणकाच्या स्मृतीत असते. त्यामुळे यजमानावर ताबा असणारा, मग तो प्रामाणिक प्रशासक असो की घुसखोर, ती वाचू शकतो. नागरिकांचे दाखले, जमिनीच्या नोंदी, रुग्णांचे अहवाल दुसऱ्याच्या संगणकावर ठेवायचे तर ही जोखीम लहान नाही. यावर तोडगा म्हणून एएमडीने 'एसईव्ही-एसएनपी' आणि इंटेलने 'टीडीएक्स' ही तंत्रे आणली. त्यांत पाहुण्याची स्मृती प्रोसेसरच कूटबद्ध करतो आणि यजमानाला तिच्यातील मजकूर वाचता येत नाही.

तथापि पाहुण्याला बाहेरच्या जगाशी बोलायचे तर काही पाने यजमानाला दिसावीच लागतात. नेटवर्कवरून आलेले टपाल कुठेतरी उतरवून घ्यावे लागतेच. म्हणून अशा यंत्राची काही पाने खासगी आणि काही सामायिक असतात. वाड्यात माजघर वेगळे आणि ओसरी वेगळी असते, तसेच हे. शिवाय एकच पान आज खासगी तर उद्या सामायिक होऊ शकते. पाहुण्याने एखादे पान खासगी समजून उघडले आणि यजमानाच्या नोंदीत ते सामायिक असले, की दोघांचा मेळ बसत नाही. हा दोष नव्हे, केवळ नोंद बदलण्याची वेळ आली आहे. मात्र ती बदलायची तर कोणत्या पानाची, हे व्यवस्थापकाला कळायला हवे. १४ हा क्रमांक ते सांगत नव्हता.

इंटेलचे चाओ पेंग, गूगलचे शॉन क्रिस्टोफरसन आणि अन्य अनेकांनी काही वर्षे खपून या खासगी स्मृतीसाठी 'गेस्ट मेमएफडी' नावाची व्यवस्था रचली. केव्हीएमचे प्रमुख देखभालकर्ते, रेड हॅटचे पावलो बोंझिनी यांच्या हातून ती मुख्य प्रवाहात गेली आणि मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ६.८ मध्ये समाविष्ट झाली. त्याच आवृत्तीत केव्हीएमला थांबण्याचे एक नवे कारण मिळाले. ते 'मेमरी फॉल्ट', अर्थात स्मृती न मिळाल्याचे कारण. पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आल्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते.

नव्या अहवालात काय असते

या नव्या व्यवस्थेत केव्हीएम परत येताना तीन गोष्टी लिहून ठेवते. पाहुण्याच्या हिशेबाने पत्ता कोणता, तेथून किती लांबीचा भाग अडला, आणि पाहुण्याने ती जागा खासगी म्हणून मागितली होती काय. व्यवस्थापक आणि केव्हीएम या दोघांनाही वाचता येईल अशा एका सामायिक जागेत ही टिपणी ठेवलेली असते. व्यवस्थापक ती वाचतो. पान खासगी हवे असता सामायिक असेल तर नोंद बदलतो आणि केव्हीएमला पुन्हा सांगतो, 'चालव.' पाहुणा जेथे अडला होता तेथूनच पुढे जातो. जे यंत्र पूर्वी बंद पडले असते, ते आता क्षणभर थबकून मार्गी लागते.

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या क्यूएमूच्या ९.१ या आवृत्तीने एसईव्ही-एसएनपी यंत्रांना आधार दिला, तेव्हा तिने हाच अहवाल वाचून पानांची अदलाबदल करण्याची रीत स्वीकारली.

या अहवालाची एक खासियत ध्यानात घेण्याजोगी आहे. केव्हीएम अन्य कोणत्याही कारणाने थांबते तेव्हा 'काम रीतसर झाले' असा संकेत देऊन थांबते. स्मृतीच्या या एका कारणापुरती मात्र ती त्रुटीचा संकेतही देते आणि कारणही लिहिते. त्रुटी १४ क्रमांकाची असते किंवा स्मृतीच्या हार्डवेअरमध्येच बिघाड झाल्याचे सांगणारी वेगळी एक असते. जुन्या व्यवस्थापकांना नवे कारण वाचता येत नाही. त्यांना पूर्वीप्रमाणेच त्रुटी दिसावी आणि त्यांचे वर्तन बदलू नये, हा यातील मोठा लाभ आहे. नव्यांना मात्र शेरा वाचता येतो.

परंतु यातून एक सूक्ष्म धोका उद्भवतो. सामायिक जागेतील टिपणी आधीच्या प्रसंगाची, शिळी असू शकते. म्हणून लिनक्सच्या दस्तऐवजात स्पष्ट नियम घातला आहे. त्रुटीचा क्रमांक त्या दोहोंपैकी एक असेल आणि थांबण्याचे कारणही स्मृतीचेच लिहिलेले असेल, तरच टिपणी ग्राह्य मानावी. दोन्ही खुणा जुळल्या पाहिजेत. दाखल्यावर सही आणि शिक्का दोन्ही पाहिल्याशिवाय तो खरा न मानण्याची कचेरीची सवय येथेही उपयोगी पडते.

चालते घर हलवताना

दुसरी गरज स्थलांतराची. यजमान संगणकाची दुरुस्ती करायची असेल तर त्यावरील आभासी यंत्र बंद न करता दुसऱ्या संगणकावर नेता येते. एक पद्धत अशी, की यंत्र आधी नव्या ठिकाणी सुरू करायचे आणि त्याची स्मृती मागाहून, लागेल तसतशी आणायची. बिऱ्हाड नव्या घरी गेले आहे, सामान मात्र गाडीतून येत आहे, अशी ती अवस्था. नव्या घरात पाहुणा एखादे पान मागतो, ते अजून पोचलेले नसते, मग ते तातडीने जुन्या घरातून मागवायचे.

२०१५ साली लिनक्स ४.३ मध्ये आलेल्या 'यूजरफॉल्टएफडी' या सोयीने हे शक्य केले. तिच्यात न मिळालेल्या पानांच्या मागण्या एका रांगेत लागतात. मोठ्या यंत्रात शेकडो आभासी प्रोसेसर असले तर ते सारे त्याच रांगेत गर्दी करतात. २०२३ साली गूगलच्या अभियंत्यांनी मांडलेला विचार असा, की प्रत्येक आभासी प्रोसेसर थांबतोच आहे, तर त्यानेच परत येऊन 'मला अमुक पान मिळाले नाही' असे थेट सांगावे. वेगळ्या रांगेची गरज उरणार नाही. त्यासाठी अर्थातच 'अमुक पान' सांगता यायला हवे. गोपनीयतेसाठी आणि स्थलांतरासाठी स्वतंत्रपणे झगडणाऱ्या दोन गटांना शेवटी एकच गोष्ट हवी होती. नकारासोबत पत्ता.

पत्ता बदलल्याने काय होते, हे पांढुर्ण्याच्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षानुवर्षे 'जिल्हा छिंदवाडा' लिहिलेल्या गावांनी एका दिवसात 'जिल्हा पांढुर्णा' लिहायला सुरुवात केली. गाव हलले नाही, वावर हलले नाही, बदलली ती नोंद. अशा संक्रमणकाळात जुन्या पत्त्याने मागणी येणारच. ती चूक म्हणून फेकून द्यायची की नवी नोंद पाहून मार्गी लावायची, यावर व्यवस्थेची गुणवत्ता ठरते.

कारण सांगण्याच्या मर्यादा

तीन सावधगिऱ्या मात्र येथे नोंदवणे आवश्यक आहे.

पहिली अशी, की कारण कळले म्हणजे उपाय झाला असे नव्हे. व्यवस्थापकाने अहवाल वाचला, आपल्या परीने दुरुस्ती केली आणि पुन्हा 'चालव' म्हटले, पण मूळ अडचण तशीच असेल तर तोच अहवाल पुन्हा येतो. व्यवस्थापक पुन्हा तेच करतो. यंत्र बंद पडत नाही आणि पुढेही सरकत नाही. म्हणूनच, एकच त्रुटी वारंवार येत असल्यास ती ओळखून थांबण्याची तजवीज व्यवस्थापकाने करावी, असा सल्ला लिनक्सच्या दस्तऐवजात दिलेला आहे. 'त्रुटी दूर करून अर्ज पुन्हा सादर करावा' या शेऱ्याने चार चार खेपा घातलेल्या कोणालाही या सल्ल्याचे मर्म उमजेल. त्याच कारणासाठी त्याच माणसाला पुनःपुन्हा परत पाठवणारी व्यवस्था कारण सांगते खरी, पण दाद देत नाही.

दुसरी गोष्ट, अहवाल किती सांगतो याला मर्यादा हवी. न मिळालेल्या पानाचा पत्ता सांगायचा, मजकूर नाही, ही सीमा गोपनीय यंत्रांत काटेकोरपणे पाळावी लागते. पत्ताही सर्वस्वी निरुपद्रवी नसतो. कोणते पान केव्हा मागितले गेले, याच्या दीर्घ निरीक्षणातून आत काय चालले आहे याचे अंदाज बांधता येतात, हे सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. दुरुस्तीला पुरेल एवढे सांगावे आणि त्याहून अधिक सांगू नये, हा तोल साधणे ही या कामातील खरी कसोटी आहे.

तिसरी सावधगिरी अशी, की हा अहवाल कर्नेलपासून व्यवस्थापकापर्यंतच पोचतो. तो पुढे माहिती केंद्राच्या प्रशासकापर्यंत, तेथून सेवा देणाऱ्या खात्यापर्यंत आणि अखेर खिडकीपर्यंत नेण्याचे काम कोणतेही सॉफ्टवेअर आपण होऊन करत नाही. ती साखळी माणसांनी बांधायची असते. यंत्रणेच्या तळाशी 'अमुक पत्त्यावरील अमुक पान मिळाले नाही' अशी नेमकी नोंद असताना वरच्या टोकाला 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच ऐकू येत असेल, तर मधल्या पायऱ्यांवर कोणीतरी ते कारण गिळले आहे, असा त्याचा अर्थ होतो.

नागरिकाने काय मागावे

सामान्य नागरिकाला स्मृतीची पाने मोजायची नाहीत आणि त्याने ती मोजावीत अशी अपेक्षाही नाही. पण या बदलातून त्याला विचारता येण्याजोगे प्रश्न निघतात. सेवा बंद होती त्या कालावधीची नोंद ठेवली जाते काय? बंद पडण्याचे कारण त्या नोंदीत असते काय? यंत्रणा बंद असल्याच्या काळात अर्जाची मुदत उलटली तर तो भुर्दंड अर्जदारावर पडतो की खात्यावर? आणि आपले दाखले ज्या यंत्रावर आहेत, त्या यंत्राच्या मालकाला ते वाचता येतात काय? या प्रश्नांची उत्तरे देणे आज तंत्रज्ञानाच्या दृष्टीने पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. 'संगणक सांगत नाही' ही सबब त्या प्रमाणात दुबळी झाली आहे.

आंबिया बहाराच्या दिवसांत बागेच्या कर्जासाठी खसऱ्याची नक्कल काढावयास आलेल्या शेतकऱ्याला एक दिवसाची खेप ही मजुरीच्या हिशेबाने मोजावी लागते. नक्कल मिळाली नाही तर ती का मिळाली नाही आणि पुन्हा केव्हा यावे, हे त्याला कळले पाहिजे, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत कळले पाहिजे. कायद्याने हे बंधन अधिकाऱ्यावर २०१० सालीच घातले. २०२४ साली यंत्राच्या गाभ्यातही त्याच दिशेने एक पाऊल पडले. आता प्रश्न उरतो तो या दोन टोकांच्या मधल्या अंतराचा.